गणिताची पदवी : कोणता पेपर कोणाच्या आधी?

आयआयटीत गणिताची एम.एस्सी. करायची तर 'जॅम' ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि ती दरवर्षी फेब्रुवारीत होते. आपल्याकडे बी.एस्सी.चे सहावे सेमिस्टर तेव्हा जेमतेम सुरू झालेले असते. या परीक्षेच्या गणिताच्या पेपरात तीन तासांत ६० प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यांचा मोठा भाग रिअल ॲनालिसिस, अनेक चलांचे कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, ग्रुप थिअरी आणि लिनियर अल्जिब्रा यांवर असतो. आमच्या भागातल्या जुन्या आराखड्यात लिनियर अल्जिब्रा यायचे तिसऱ्या वर्षाच्या शेवटी. म्हणजे अमरावतीचा किंवा अकोल्याचा हुशार मुलगा व्हेक्टर स्पेसची व्याख्या वर्गात ऐकण्याआधीच तिच्यावरची परीक्षा देऊन आलेला असायचा. त्याचा पेपर वाईट गेला की तो घरी सांगायचा, आपल्याला गणित जमत नाही. त्याला गणित जमत होते. तो विषय त्याच्यापर्यंत पोचायचाच राहिला होता.

अशी मुले मी वर्षानुवर्षे पाहिली. म्हणून जून महिन्यात एखादे पालक मुलीला घेऊन विभागात येतात आणि अदबीने विचारतात, "मॅडम, गणित घेऊन पोरगी पुढं काय करन?", तेव्हा मी नोकऱ्यांची यादी सांगत बसत नाही. एक कोरा कागद घेते आणि मुलीला विचारते, तीन वर्षांत कोणकोणते पेपर येणार आहेत ते माहीत आहे का? बहुतेकींना फक्त पहिल्या सेमिस्टरचे माहीत असते. इतिहासात किंवा अर्थशास्त्रात एखादा पेपर कच्चा राहिला तर पुढचा काही प्रमाणात स्वतंत्रपणे उभा राहू शकतो. गणितात ती सोय फार थोडी आहे. इथे प्रत्येक पेपर आधीच्या कोणत्या तरी पेपरच्या खांद्यावर उभा असतो, आणि तो खांदा कोणता हे पहिल्याच वर्षी कळायला हवे.

ही गोष्ट नवी नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी लिहिला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणिताध्याय आणि गोलाध्याय. आधी अंकगणित, मग अव्यक्त राशींचे गणित, मग ग्रहांचे, शेवटी गोलाचे. गोलाध्यायात ते स्पष्टच सांगतात की व्यक्त आणि अव्यक्त ही दोन्ही गणिते ज्याला समजली आहेत आणि व्याकरणात ज्याची गती चांगली आहे, त्यानेच ज्योतिषशास्त्र शिकायला घ्यावे. इतर जण नावापुरतेच ज्योतिषी ठरतात. आजच्या भाषेत ही या अभ्यासक्रमाची पूर्वअट झाली. त्यात व्याकरण आले आहे, याकडे मी विद्यार्थ्यांचे मुद्दाम लक्ष वेधते. त्यावर पुढे लिहिणार आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटण इथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. १२०७ च्या सुमाराचा त्याचा शिलालेख तिथे आहे. खानदेशातल्या एका गावात एकाच घराण्याच्या ग्रंथांवर आधारलेला गणिताचा अभ्यासक्रम आठशे वर्षांपूर्वी चालत होता.

आणि याच परंपरेतला एक मोठा भाष्यकार आपल्या वऱ्हाडच्या घराण्यातला. कृष्ण दैवज्ञ हे नाव अमरावतीच्या किती गणित-विद्यार्थ्यांनी ऐकले असेल? त्यांचे पूर्वज विदर्भातल्या पयोष्णी नदीकाठच्या दधिग्रामचे. पयोष्णी म्हणजे आपली पूर्णा असे मानले जाते. पुढे हे कुटुंब काशीला गेले. १६०० च्या आसपास कृष्ण दैवज्ञांनी भास्कराचार्यांच्या बीजगणितावर 'बीजपल्लव' ही टीका लिहिली. त्यांचे भाऊ रंगनाथ यांनी सूर्यसिद्धान्तावर टीका लिहिली, रंगनाथांचा मुलगा मुनीश्वर यानेही लीलावतीवर आणि सिद्धान्तशिरोमणीवर भाष्ये केली. एकाच घरात दोन पिढ्यांत इतके गणित!

बीजपल्लवाची खासियत म्हणजे उपपत्ती. भास्कराचार्य नियम देतात, कृष्ण दैवज्ञ तो नियम का खरा आहे ते उलगडून दाखवतात. ऋण संख्या वजा केली की ती धन का होते, हे सांगताना ते काशीला मध्ये धरतात. पूर्वेला १५ योजनांवर पाटणा, पश्चिमेला ८ योजनांवर प्रयाग. पूर्व धन मानली तर पश्चिम ऋण झाली. आता दोन्ही गावांमधले अंतर हवे असेल तर १५ मधून ऋण ८ वजा करायचे, आणि उत्तर २३ आले पाहिजे, कारण रस्ता तेवढाच आहे. मी हे वर्गात आपल्या रेल्वेमार्गावर आणून सांगते. अकोला म्हणजे शून्य. पूर्वेला बडनेरा ढोबळमानाने ८० किलोमीटर, पश्चिमेला शेगाव ३७. बडनेऱ्याहून शेगावला जाणाऱ्याला ११७ किलोमीटरचा प्रवास होतो. वजाबाकीतला ऋण तिथे अधिक झालेला दिसतो. सातवीत पाठ केलेला नियम पदवीच्या वर्गात पहिल्यांदा पटला, असे सांगणारी मुले मला भेटली आहेत.

बारावीचे गणित आणि पदवीचे गणित यांत जो फरक आहे तो या एका शब्दात आहे: उपपत्ती. बारावीला रीत येणे पुरते. मॅट्रिक्स, व्हेक्टर, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, सगळे तिथे भेटलेले असते, पण सोडवण्यासाठी. पदवीला तेच विषय पुन्हा येतात आणि सिद्ध करायला सांगतात. ज्याला सीईटीत गणितात उत्तम गुण मिळाले होते तो मुलगा पहिल्या सेमिस्टरला गोंधळतो, तो याच ठिकाणी. त्याला वाटते, हे तर येते. मग तो पहिल्या वर्षाचा अभ्यास परीक्षेच्या आधीच्या पंधरा दिवसांवर टाकतो.

एक उदाहरण जवळून पाहू. १ + १/२ + १/३ + १/४ अशी बेरीज करत राहायची. प्रत्येक नवी संख्या आधीपेक्षा लहान, आणि ती शून्याच्या जवळ जवळ जाते. ही बेरीज कुठे तरी थांबेल का? संगणकावर करून पाहा. पहिल्या एक लाख पदांची बेरीज १२.०९ च्या आसपास येते, दहा लाख पदांची १४.३९. नऊ लाख पदे वाढवून फक्त २.३ ने वाढ झाली. कोणालाही वाटेल, पंधरा-वीसच्या पुढे काही ही जाणार नाही. वर्गात हात वर करायला सांगितले की जवळजवळ सगळे हात 'थांबेल' याच बाजूने येतात.

आता गट पाडा. १/३ आणि १/४ या दोघांची बेरीज १/४ + १/४ पेक्षा मोठी, म्हणजे अर्ध्याहून जास्त. पुढची चार पदे, १/५ पासून १/८ पर्यंत, प्रत्येक निदान १/८, म्हणून चौघांची मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त. त्यापुढची आठ, मग सोळा, मग बत्तीस. प्रत्येक गट निदान अर्धा देऊन जातो आणि गट संपत नाहीत. म्हणून बेरीज कोणत्याही आकड्याच्या पुढे जाते. शंभर हवे? असे दोनशे गट पुरे. चौदाव्या शतकात फ्रान्समध्ये निकोल ओरेमने हा युक्तिवाद मांडला. संगणक दहा लाख पदे मोजून जे सांगू शकला नाही ते चार ओळींत सिद्ध झाले. हा विषय म्हणजे ॲनालिसिस, आणि पदवीच्या गणिताचा कणा तोच आहे. ज्या विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षाअखेर अशा चार ओळी स्वतःच्या हाताने लिहिता येतात, त्याची पदवी मार्गी लागली असे मी समजते, गुण किती का असेनात.

माझी स्वतःची अडचण इथेच झाली होती. पदवीला ॲनालिसिस मी 'इम्पॉर्टंट' प्रश्नांवर काढले. पंधरा प्रमेये पाठ केली, त्यातली सात आली, गुण चांगले पडले. एम.एस्सी.च्या पहिल्याच सेमिस्टरला टोपॉलॉजी समोर आले. ओपन सेट, कॉम्पॅक्टनेस, कंटिन्युइटी, हे सगळे शब्द मला पाठ होते आणि एकाचाही अर्थ माझ्यापाशी नव्हता. तीन महिने मी वर्गात नुसती बसत होते. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत घरी जाऊन पदवीचे पुस्तक पहिल्या पानापासून उघडले आणि प्रत्येक प्रमेय पुस्तक मिटून लिहायला घेतले. त्या पंचवीस दिवसांत जे झाले ते तीन वर्षांत सावकाश होऊ शकले असते.

तर कागदावरचा नकाशा असा काढायचा. सगळ्या सेमिस्टरचे पेपर चौकटींत लिहायचे आणि आधीच्या पेपरातून त्याची गरज असलेल्या पेपराकडे बाण काढायचा. कॅल्क्युलसमधून बाण ॲनालिसिसकडे जातो. ॲनालिसिसमधून तीन निघतात: मेट्रिक स्पेस आणि पुढे टोपॉलॉजीकडे एक, कॉम्प्लेक्स ॲनालिसिसकडे एक, आणि मेझर थिअरीकडे एक, ज्यावर सगळी आधुनिक संभाव्यता उभी आहे. ग्रुपमधून रिंगकडे, रिंगमधून फील्डकडे. लिनियर अल्जिब्राच्या चौकटीतून इतके बाण निघतात की कागदावर जागा पुरत नाही: डिफरन्शियल इक्वेशन्सच्या प्रणाली, फील्ड थिअरी, फंक्शनल ॲनालिसिस, भूमिती, संख्याशास्त्रातले रिग्रेशन, आणि आज ज्याला मशीन लर्निंग म्हणतात ते जवळजवळ सगळे. ज्या चौकटीतून सर्वांत जास्त बाण निघतात ती लवकर शिकायची, वेळापत्रकात ती कधीही येवो. माझा आग्रह असा की पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात, मे-जूनच्या सुट्टीत, लिनियर अल्जिब्रा स्वतः वाचायला घ्यावे. त्याला कॅल्क्युलसची फारशी गरज नाही, मॅट्रिक्स बारावीत झालेल्या असतात, आणि सिद्ध करण्याची सवय लागायला इतका मवाळ विषय दुसरा नाही. एस. कुमारेसन यांचे भूमितीच्या अंगाने जाणारे लिनियर अल्जिब्राचे पुस्तक हातात धरण्याजोगे लहान आहे. ॲनालिसिससाठी बार्टल आणि शेरबर्ट, ॲबस्ट्रॅक्ट अल्जिब्रासाठी गॅलियन. तीन पुस्तके, तीन वर्षे. गाइडच्या ढिगापेक्षा ही तीन झिजवलेली बरी.

आता क्रेडिटचा हिशेब, कारण नव्या शैक्षणिक धोरणानंतर पालकांना सगळ्यात जास्त घोर त्याचाच आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक संलग्न महाविद्यालयांत ही रचना २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला लागू झाली. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची, चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ ची. एका क्रेडिटला थिअरीचे १५ तास, प्रॅक्टिकलचे ३०. म्हणजे चार क्रेडिटचा ॲनालिसिसचा पेपर ६० तासांत शिकवून संपतो. सेमिस्टरला २२ क्रेडिट धरली, त्यातली सहा प्रॅक्टिकलची, तर पंधरा आठवड्यांत आठवड्याला १६ तास थिअरी आणि १२ तास प्रॅक्टिकल, एकूण २८ तास. त्यात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, पुढे इंटर्नशिप आणि फील्ड प्रोजेक्ट असे सगळे आले.

यावर स्वतःच्या अभ्यासाचे तास चढवा. सिद्धतेच्या पेपरला वर्गातल्या एका तासामागे घरी निदान दोन तास लागतात, हा माझा अनुभव आहे. आणि आता आमच्या भागातली खरी गोष्ट: निम्मा वर्ग अप-डाउन करणारा. मूर्तिजापूरहून अकोल्याला पॅसेंजरने, दर्यापूरहून अमरावतीला एसटीने, बाळापूर, तेल्हारा, चांदूर बाजार, कुठून कुठून मुले येतात. दिवसाचे तीन-चार तास रस्त्यावर जातात. अशा विद्यार्थ्याने एकाच सेमिस्टरला ॲनालिसिस, ॲबस्ट्रॅक्ट अल्जिब्रा आणि कोडिंगचा जड ओपन इलेक्टिव्ह घेतला तर तिन्ही अर्धे राहतात. जिथे निवड आपल्या हातात आहे तिथे वजन वाटून घ्यायचे. ज्या सेमिस्टरला सिद्धतेचे दोन पेपर आहेत त्या सेमिस्टरला इलेक्टिव्ह हलका घ्यावा. गाडीत उभ्याने गणित सोडवता येत नाही, पण एक व्याख्या मनात घोळवता येते. 'कोणत्याही एप्सिलॉनसाठी असा एक डेल्टा आहे की' यातला 'कोणत्याही' आणि 'असा एक' यांची जागा बदलली तर काय होईल, हा प्रश्न बोरगाव मंजू ते अकोला एवढ्या प्रवासाला पुरतो.

आणि हाच भास्कराचार्यांचा व्याकरणाचा मुद्दा. पदवीचे गणित आपली मुले इंग्रजीत वाचतात, त्यातली बरीच मराठी माध्यमातून आलेली. त्यांना वाटते अडचण इंग्रजीची आहे. थोडी आहेच. पण मोठी अडचण वाक्याच्या बांधणीची आहे: प्रत्येक, निदान एक, जर-तर, तरच, आणि नकार. 'प्रत्येक गावात निदान एक विहीर आहे' याचा नकार काय, असे विचारले तर वर्गातली निम्मी मुले 'प्रत्येक गावात विहीर नाही' असे म्हणतात. बरोबर उत्तर, 'एक तरी गाव असे आहे जिथे एकही विहीर नाही.' हे मराठीत नीट आले की इंग्रजी पाठ्यपुस्तकातला नकार आपोआप जमतो. पहिल्या सेमिस्टरच्या पहिल्या महिन्यात मुलांनी एवढे एकच करावे: दर प्रमेयाचे विधान वहीत स्वतःच्या मराठीत लिहावे. अभिसारी क्रमिका, सांतत्य, सदिश अवकाश असे शब्द परिभाषा कोशात आहेत. ते वापरा किंवा कन्व्हर्जंट, कंटिन्युइटी म्हणा, हरकत नाही. वाक्य मात्र आपले हवे.

मायनर कोणता घ्यावा, हा पुढचा प्रश्न, आणि इथे चुका महागात पडतात. राज्यात बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय बरोबरीने, दुसऱ्या वर्षापासून त्यातला एक मेजर, एक मायनर, आणि तिसरा सुटतो, अशी मांडणी आहे. मैत्रिणीने केमिस्ट्री ठेवले म्हणून मीही ठेवले, असे करून चालत नाही. केंद्र सरकारच्या इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसच्या परीक्षेला पदवीच्या पातळीवर बसायचे तर संख्याशास्त्र हा पदवीचा एक विषय असावा लागतो. नुसत्या गणिताच्या पदवीवर तो दरवाजा उघडत नाही. विमा, बँक, डेटा यांकडे कल असेल तर मायनर संख्याशास्त्रच. सॉफ्टवेअरकडे असेल तर संगणकशास्त्र. शिक्षिका व्हायचे असेल तर फिजिक्स जवळ ठेवणे चांगले, कारण शाळेत गणित आणि विज्ञान बहुतेकदा एकाच हाती येते.

फिजिक्सचे आणखी एक कारण खास आपल्या भागाचे आहे. विदर्भातल्या गणित विभागांत सापेक्षतावादावर आणि विश्वरचनेवर संशोधनाची जुनी परंपरा आहे. नागपूर-अमरावतीकडच्या कितीतरी गणिताच्या प्राध्यापकांची पीएच.डी. आइनस्टाइनच्या समीकरणांवर आहे, आणि पदवीच्या अभ्यासक्रमातही विशेष सापेक्षता ऐच्छिक म्हणून राहत आली आहे. ज्याला पुढे इथेच मार्गदर्शक शोधायचा आहे त्याने टेन्सर, डिफरन्शियल जॉमेट्री आणि पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स यांकडे जाणारे बाण नकाशावर ठळक करावेत. याला दुसरी बाजूही आहे. ज्याचा जीव नंबर थिअरीत किंवा टोपॉलॉजीत रमतो त्याला पुणे, मुंबई किंवा आयआयटीची वाट धरावी लागेल, आणि त्याची तयारी दुसऱ्या वर्षापासूनच लागेल. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. कोणत्या वाटेवर आपण आहोत हे उशिरा कळणे तेवढे वाईट.

आपल्या भागात शिकण्याची सोय नाही, असे मी कधीच म्हणू देणार नाही. अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज १९२३ मध्ये सुरू झाले, तीच आजची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था, जुन्यांचे व्हीएमव्ही. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ ला नागपूरपासून वेगळे झाले, आणि आज अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम या पाच जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. विद्यापीठाच्या आवारात पदव्युत्तर गणित विभाग आहे. अकोल्यात श्री शिवाजी महाविद्यालय आणि आरएलटी विज्ञान महाविद्यालय यांनी पिढ्या घडवल्या. शिक्षक आहेत, ग्रंथालये आहेत. कमी पडतो तो बाहेरच्या गणिताशी संबंध, आणि तो जोडण्याचे रस्ते स्वस्त आहेत. पुण्याचे स. प. महाविद्यालय आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मिळून माधव गणित स्पर्धा घेतात. ती मुख्यतः दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. प्रश्न पाठांतराने सुटत नाहीत, म्हणूनच ती द्यावी, पाचच गुण पडले तरी द्यावी. उन्हाळ्यात एमटीटीएस नावाचे निवासी शिबिर असते. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये ते सुरू केले. तिथे शिकवणारे उत्तरे सांगत नाहीत, प्रश्न विचारत राहतात, आणि खेड्यातून आलेला विद्यार्थी चार आठवड्यांत फळ्यासमोर उभा राहून सिद्धता मांडायला लागतो. 'स्वयम्'वर देशातल्या नामवंत शिक्षकांची व्याख्याने आहेत, आणि यूजीसीच्या नियमांनुसार सेमिस्टरमधली ४० टक्क्यांपर्यंतची क्रेडिट तिथून घेऊन ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा करता येतात. आपल्या महाविद्यालयाने कोणते कोर्स मान्य केले आहेत ते मात्र आधी विचारून घ्यावे, कोर्स संपल्यावर नव्हे.

चौथे वर्ष करावे का? पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के असतील तर ऑनर्स विथ रिसर्च करता येते, त्यानंतर एम.एस्सी. एका वर्षाची, आणि चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असणाऱ्याला नेट देऊन थेट पीएच.डी.कडेही जाता येते. संशोधनाचे निश्चित असेल आणि महाविद्यालयात मार्गदर्शक असेल तर करावे. मार्गदर्शक नसेल तर तीन वर्षांवर बाहेर पडून चांगल्या ठिकाणी दोन वर्षांची एम.एस्सी. करणे मला जास्त योग्य वाटते. गणितात एक चांगला शिक्षक एका वर्षाच्या बचतीपेक्षा मोलाचा आहे. बी.एड. किंवा स्पर्धा परीक्षा करणाऱ्याने तिसऱ्या वर्षानंतर वेळ घालवू नये.

परवा आलेल्या मुलीच्या कागदावर शेवटी अकरा चौकटी आणि सतरा बाण झाले. वडील शेतकरी, दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. ते बराच वेळ कागद पाहत होते. मग म्हणाले, "म्हणजे मॅडम, आधी नांगरटी, मंग वखर, मंग पेरणी. उलटं करून नाही चालत." मुलीने कागद घडी करून वहीत ठेवला आणि लिनियर अल्जिब्राच्या चौकटीवर बोट ठेवून विचारले, "हे मी मे महिन्यात घेऊ?" मी तिला माझ्याकडचे पुस्तक दिले.

यंदा बी.एस्सी.ला गणित घेणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला एवढेच सांगणे आहे: प्रवेशाच्या फॉर्मवर विषय लिहिण्याआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून सगळ्या सेमिस्टरचा अभ्यासक्रम उतरवून घ्या, त्याचे बाण काढा, आणि तो कागद घेऊन आपल्या महाविद्यालयाच्या गणित विभागात जा. प्रवेशाच्या दिवसांत कोणी ना कोणी शिक्षक तिथे बसलेले असतात.